आमदार होते, मग पुढे काय? ‘एक निवृत्त वकील’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

वकीलसाहेब, नमस्कार.

केरळात आमदार आणि मंत्री राहून पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्यावरच्या माझ्या लेखाला तुमची प्रतिक्रिया लांबलचक आली आणि तिखटही. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सार सांगतो. तुमचं म्हणणं असं: कम्युनिस्टांच्या तिकिटावर दोनदा निवडून आलेला आणि गृहखातं सांभाळलेला माणूस उच्च न्यायालयात बसवणं हीच मुळात चूक होती. एका संघाकडून खेळलेल्याला अंपायरचा कोट चढवू नये. नेमणूक आपल्या माणसांनी आपल्या माणसाची केली. त्यांचे निकाल म्हणजे प्रचारसभेतली भाषणं. आणि जाता जाता मला टोला: २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात एका पक्षाच्या माजी प्रवक्त्यांची नेमणूक झाली तेव्हा नाकं मुरडणारे लोक कृष्ण अय्यर यांचं नाव निघालं की हात जोडतात, हा दुटप्पीपणा आहे.

यातला नेमणुकीचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे, तोच आधी घेतो. तिकिटाचं मात्र दुरुस्त करून घ्या. १९५२ साली तेव्हाच्या मद्रास विधानसभेत ते कूत्तुपरंबमधून गेले आणि १९५७ साली केरळच्या पहिल्या विधानसभेत तलश्शेरीतून. दोन्ही वेळा अपक्ष, कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर. अर्थात या तपशिलामागे मी लपणार नाही. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या मंत्रिमंडळात कायदा, गृह, तुरुंग, पाटबंधारे, वीज अशी खाती ज्यांच्याकडे होती, त्यांना कोरी पाटी कोण म्हणेल? ते सरकार जुलै १९५९ मध्ये केंद्राने बरखास्त केलं. १९६० च्या निवडणुकीत ते अगदी थोड्या मतांनी पडले, निवडणूक याचिका केली आणि जागा परत मिळवली. १९६५ ला पुन्हा हरले. मग एर्नाकुलमला वकिली, आणि जुलै १९६८ मध्ये केरळ उच्च न्यायालयाचे न्यायाधीश.

आता तुमच्या बाजूचा एक मुद्दा, जो तुम्ही लिहायला विसरलात. जुलै १९६८ मध्ये केरळचे मुख्यमंत्री कोण होते? पुन्हा नंबुद्रिपादच. अनुच्छेद २१७ प्रमाणे उच्च न्यायालयाच्या नेमणुकीत राज्यपालांचा सल्ला घेतला जातो आणि राज्यपालांचा सल्ला म्हणजे व्यवहारात कोणाचा, हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे जुन्या मुख्यमंत्र्याच्या कारकिर्दीत जुना मंत्री न्यायाधीश झाला. दिसायला हे वाईटच दिसतं. पण नेमणुकीचा अंतिम हुकूम दिल्लीतून निघतो, आणि तिथे काँग्रेसचं सरकार होतं, ज्या पक्षाने नऊ वर्षांपूर्वी त्यांचं मंत्रिमंडळ घरी पाठवलं होतं. ‘आपल्या माणसांनी आपला माणूस’ म्हणायचं तर नंबुद्रिपाद आणि इंदिरा गांधी या दोघांचाही तो आपला माणूस असायला हवा. शिवाय मंत्रिपद जाऊन नऊ वर्षं आणि शेवटची निवडणूक हरून तीन वर्षं झाली होती. हे अंतर लक्षात ठेवा, मी पुन्हा तिथे येणार आहे.

तुमचा संशय खरा शोभतो तो १९७३ ला. एप्रिलमध्ये केशवानंद भारती खटल्याचा निकाल लागला (संसदेला घटनेची मूळ चौकट बदलता येत नाही, असं सांगणारा) आणि दुसऱ्याच दिवशी शेलाट, हेगडे, ग्रोव्हर या तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे यांची सरन्यायाधीशपदी नेमणूक जाहीर झाली. न्यायाधीश नेमताना त्याची विचारधारा बघायचा सरकारला हक्क आहे, असं तेव्हाचे केंद्रीय मंत्री मोहन कुमारमंगलम यांनी लोकसभेत उघड सांगितलं. त्याच हवेत, जुलैमध्ये, कृष्ण अय्यर सर्वोच्च न्यायालयात आले. ‘बांधील न्यायसंस्था’, म्हणजे सरकारच्या विचारांना बांधलेली, हा शब्द तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता. मुंबईतल्या काही नामवंत वकिलांनी या नेमणुकीला उघड विरोध केला होता. त्या वेळी मी त्या बार रूममध्ये असतो तर बहुधा मीही त्यांच्याच बाजूला असतो.

म्हणून तर २४ जून १९७५ महत्त्वाचा. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी १२ जूनला इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केलेली. सर्वोच्च न्यायालयाला उन्हाळी सुट्टी, सुट्टीत तातडीचं काम बघणारे न्यायाधीश कृष्ण अय्यर. कायदामंत्री होते ह. रा. गोखले, जे स्वतः पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते (उलट्या दिशेचा प्रवास, त्यावर कधीतरी वेगळं लिहायला हवं). त्यांनी फोन करून भेटायचं म्हटलं. कशासाठी, असं विचारल्यावर अपिलाचा विषय निघाला, तेव्हा कृष्ण अय्यर यांनी भेट नाकारली आणि अर्ज रजिस्ट्रीत दाखल करा म्हणून सांगितलं. ही हकीकत त्यांनीच पुढे जाहीरपणे सांगितली आहे. इंदिरा गांधींचे वकील नानी पालखीवालांनी बिनशर्त स्थगिती मागितली. मिळाली ती सशर्त: पंतप्रधान म्हणून राहता येईल, संसदेत बोलता येईल, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही आणि मानधन घेता येणार नाही. दुसऱ्या रात्री आणीबाणी आली. स्थगिती दिलीच कशाला, म्हणून विरोधकांनी त्यांना दूषणं दिली, आणि पूर्ण का दिली नाही म्हणून सरकारची नाराजी ओढवली ती वेगळीच. ज्यांना ‘आपला’ म्हणून आणलं असं तुम्ही म्हणता, त्यांनी आणणाऱ्यांची ऐन गरजेच्या दिवशी पंचाईत केली.

आता ‘प्रचारसभेतली भाषणं’. त्यांची इंग्रजी अवजड होती, एकेका वाक्यात तीन तीन अलंकार, हे मान्यच. पण त्या भाषेखाली काय आहे ते बघा. १९८० चा रतलामचा निकाल घ्या. उघडी गटारं, घाण, रहिवाशांची तक्रार, दंडाधिकाऱ्यांचा आदेश, आणि त्यावर नगरपालिकेचं एकच म्हणणं: पैसे नाहीत. एखादा आयुष्यभर फक्त वकिली केलेला न्यायाधीश या उत्तरापुढे थबकला असता. कृष्ण अय्यर यांनी ते साफ उडवून लावलं, निधी नाही म्हणून कायद्याने लादलेलं कर्तव्य टळत नाही. ‘निधी उपलब्ध नाही’ हा शेरा फायलीवर कसा येतो आणि कधी येतो, हे मंत्रालयात बसलेल्या माणसाला जितकं कळतं तितकं कोर्टात बसून कळत नाही.

तुरुंगांचं तसंच. १९४८ साली ते स्वतः महिनाभर कैदेत होते, पुढे तुरुंगखात्याचे मंत्री झाले, आणि मग न्यायाधीश म्हणून कैद्यांच्या हक्कांबद्दलचे, सुनील बत्रा या कैद्याच्या खटल्यांतले दोन निकाल आले. त्यातल्या दुसऱ्यात तिहारमधल्या एका कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेलं पत्र हीच याचिका मानली गेली. तुरुंगाच्या दोन्ही बाजू पाहिलेला दुसरा न्यायाधीश मला तरी चटकन आठवत नाही. आपल्या महाराष्ट्रातलं १९७८ चं होसकोट प्रकरण तर तुम्ही वकिलीत शंभरदा वाचलं असेल. बनावट पदवी प्रमाणपत्रांच्या प्रकरणात शिक्षा झालेला गृहस्थ. उच्च न्यायालयाच्या निकालाची प्रत येरवड्याच्या अधीक्षकांकडे गेली, पण ती आपल्या हाती पडलीच नाही असं त्याचं म्हणणं. अपिलाची मुदत केव्हाच उलटून गेलेली. न्यायालयाने काय केलं? त्याची याचिका फेटाळली. आणि ती फेटाळताना कायमचं सांगून ठेवलं, की निकालाची प्रत कैद्याच्या हातात वेळेवर पडलीच पाहिजे आणि गरज असेल तिथे सरकारने वकील दिला पाहिजे. भाषण करणारा माणूस समोरच्याला खूश करून घरी पाठवतो. इथे समोरच्याला काहीच मिळालं नाही.

जिथे तुमच्याशी वाद नाही ती जागाही सांगतो. १९७९ चं राजेंद्र प्रसाद प्रकरण. फाशी कधी द्यावी यावर त्यांनी अशा अटी घातल्या, ज्या कायद्यात कुठेच नव्हत्या. न्या. ए. पी. सेन यांनी भिन्नमत दिलं, हे काम संसदेचं आहे म्हणून. पुढच्याच वर्षी बचनसिंग खटल्यात घटनापीठाने तो विचार स्वीकारला नाही. मी स्वतः फाशीच्या विरोधात आहे, तरी त्या निकालात मला न्यायमूर्तीपेक्षा विधेयक मांडणारा आमदार जास्त दिसतो. सवय सुटली नव्हती, असंच म्हणावं लागेल. पण हा दोष उघड्यावर होता. निकालपत्रात लिहिलेला होता, सहकाऱ्याने तिथल्या तिथे खोडला, मोठ्या पीठाने बाजूला सारला.

मला भीती वाटते ती दुसऱ्या प्रकारच्या प्रवासाची, आणि तुमच्या प्रतिक्रियेत त्याचा उल्लेखच नाही. बहरुल इस्लाम. १९६२ पासून काँग्रेसचे राज्यसभा सदस्य, १९७२ साली राजीनामा देऊन थेट गुवाहाटी उच्च न्यायालयात. मध्ये अंतर जवळपास नाहीच. तिथे मुख्य न्यायाधीश होऊन मार्च १९८० मध्ये निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर नऊ महिन्यांनी सर्वोच्च न्यायालयात नेमले गेले. डिसेंबर १९८२ मध्ये बिहारचे काँग्रेसी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा सहकारी बँकेतल्या गैरव्यवहाराचा खटला मागे घ्यायला सर्वोच्च न्यायालयात दोन विरुद्ध एक अशी मान्यता मिळाली. त्या दोघांत इस्लाम होते. विरोधात होते आपल्या मुंबईहून गेलेले न्या. व्ही. डी. तुळजापूरकर. जानेवारी १९८३ मध्ये, निवृत्तीला जेमतेम दीड महिना असताना, इस्लाम यांनी राजीनामा दिला आणि बारपेटातून काँग्रेसची लोकसभेची उमेदवारी घेतली. तिथली निवडणूक झाली नाही, तर त्याच वर्षी पुन्हा राज्यसभा. तो निकाल त्यांनी प्रामाणिकपणे दिला असेलही. पण तो आता कोणालाही तसा वाचता येत नाही, आणि खरं नुकसान तेच आहे.

दोघांचीही पाटी राजकारणाची. फरक पडला तो मधल्या अंतराने आणि परतीच्या वाटेने. कृष्ण अय्यर यांनी आमदारकी मागे टाकून वर्षं लोटली होती आणि न्यायासनावरून उठून ते कोणाच्या उमेदवारीकडे चालत गेले नाहीत. १९८७ साली विरोधकांनी त्यांना राष्ट्रपतिपदासाठी उभं केलं, तेव्हा निवृत्त होऊन जवळपास सात वर्षं झाली होती, आणि हरणार हे उभं राहतानाच स्पष्ट होतं.

तुम्ही लगेच के. एस. हेगड्यांचं नाव काढाल, म्हणून आधीच लिहितो. तेही १९५२ ते ५७ काँग्रेसचे राज्यसभा सदस्य, आणि त्याच १९५७ साली म्हैसूर उच्च न्यायालयात. अंतराची माझी कसोटी लावली तर ते नापास. तरीही केशवानंद खटल्यात त्यांनी त्याच पक्षाच्या सरकारविरुद्ध मत दिलं, डावलले गेले आणि राजीनामा दिला. १९७७ ला जनता पक्षातर्फे बंगळुरू दक्षिणमधून निवडून येऊन लोकसभेचे अध्यक्षही झाले. तेव्हा अंतराचा नियम माणसाच्या सचोटीबद्दल काहीच सांगत नाही, हे कबूल. नियम लागतो तो बाहेरून बघणाऱ्या पक्षकारासाठी. त्याला हेगडे आणि इस्लाम यांच्यात फरक करायची सोय पहिल्या दिवशी नसते.

दूर केरळात कशाला जायचं? न्या. फर्दिनो रिबेलो १९७७ साली गोव्याच्या विधानसभेवर जनता पक्षातर्फे कुंकळ्ळीतून निवडून आले होते. १९९६ ला मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, २०१० ला अलाहाबादचे मुख्य न्यायाधीश. मधली वर्षं मोजा. ते एके काळी आमदार होते हे मुंबईत किती पक्षकारांना ठाऊक असेल?

आता दुटप्पीपणा. २०२३ साली पूर्वी भाजपमध्ये काम केलेल्या व्हिक्टोरिया गौरी यांच्या मद्रास उच्च न्यायालयातल्या नेमणुकीला आव्हान दिलं गेलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने पात्रता आणि योग्यता यांत फरक केला. घटनेतली पात्रता, म्हणजे दहा वर्षांची वकिली वगैरे, न्यायालय तपासू शकतं. माणूस योग्य आहे की नाही, हे ठरवणं कॉलेजियमचं, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या निवड मंडळाचं काम. त्या पीठावर अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. रिपब्लिकन पक्षाचे नेते आणि विधान परिषदेचे माजी सभापती रा. सू. गवई हे त्यांचे वडील. आपल्यालाही राजकीय पार्श्वभूमी आहे, पण न्यायदानात ती कधी आड आली नाही, अशा अर्थाचं ते तेव्हा बोलले. मुंबईच्या नेमणुकीलाही मी हीच मोजपट्टी लावतो. कुठल्या पक्षाचे प्रवक्ते, हा माझा प्रश्न नाही. पक्ष सोडून किती दिवस झाले आणि त्या पक्षाच्या सरकारचे खटले समोर आल्यावर काय होणार, एवढंच विचारतो. तिथे पक्ष सोडल्यापासून नेमणुकीपर्यंत दीड वर्षाच्या आसपास काळ गेला होता. मला तो कमी वाटतो. दुसऱ्या कुठल्या पक्षाचे असते तरी कमीच वाटला असता.

तुम्हाला सरसकट बंदी हवी आहे. मला हवं ते इतकंच: सभागृह किंवा पक्षपद सोडल्यावर किमान तीन वर्षं न्यायासन नाही, ज्या सरकारात काम केलं त्याच्या निर्णयांवरचे खटले दुसऱ्या पीठाकडे, आणि न्यायासन सोडल्यावरही पाच वर्षं तिकीट, राज्यसभा, राज्यपालपद काहीही नाही. तिसरी अट कधीच आमदार नसलेल्यांनाही लावा. २०२० साली निवृत्त सरन्यायाधीश चार महिन्यांत राज्यसभेवर गेले, त्यांनी आधी कुठली निवडणूक लढवली होती?

तुमच्या बंदीत कृष्ण अय्यर आणि रिबेलो दोघेही बसणार नाहीत. माझ्या नियमात दोघेही बसतात, इस्लाम अडकतात, आणि हेगडे आत येतानाच अडकतात. हेगड्यांसारखा न्यायाधीश गमावणं ही माझ्या नियमाची किंमत आहे, ती मी मोजायला तयार आहे. तुमच्या यादीतून किती जण गळतात ते तुम्ही मोजून सांगा. आणि हो, रतलामचा निकाल पुन्हा एकदा वाचा, फक्त विशेषणं गाळून.