महाजनांचा क्रम आणि फाईलचे स्वरूप

देवस्थानाच्या जत्रोत्सवाची पत्रिका तयार करण्याचे काम गोव्यात कोणी आनंदाने अंगावर घेत नाही, कारण तिच्यात देव एक आणि महाजन, म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरागत मानकरी सभासद, अनेक असतात, आणि देवाच्या कोपापेक्षा महाजनांच्या नावांचा क्रम चुकण्याचे भय मोठे असते. फोंडा तालुक्यातल्या आमच्या समितीने हे काम माझ्या गळ्यात मारले, तेव्हा मी पत्रिका लिब्रे ऑफिस या मोफत, खुल्या सॉफ्टवेअरमध्ये केली आणि त्याच्या ओडीटी या फाईल-स्वरूपात जतन केली. हे स्वरूप २००६ सालापासून आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचे मानक आहे, त्याची रचना सर्वांना खुली आहे आणि एखादी कंपनी उद्या बंद पडली तरी पत्रिका उघडेल, हे मी समितीला सविस्तर समजावले. खजिनदारांनी सारे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "ते खरे रे, पण वर्डमध्ये पाठव."

पीडीएफ पाठवली असती; पण तिच्यात सहज दुरुस्ती करता येत नाही आणि दुरुस्तीचा मान तर प्रत्येक सदस्याला हवा असतो. म्हणून वर्डची डीओसीएक्स फाईल पाठवली. ती परत आली तेव्हा अक्षरे विंडोजच्या मंगल फॉन्टमध्ये होती. विंडोजऐवजी लिनक्स चालणाऱ्या माझ्या संगणकावर तो नसल्याने त्याच्या जागी दुसरा फॉन्ट आला, ओळींची उंची वाढली आणि पालखीचे मानकरी घसरून दुसऱ्या पानावर महाप्रसादाच्या आचाऱ्याखाली जाऊन बसले. मी ते वर आणले, तर खजिनदारांकडे ते थेट श्रींच्या अभिषेकाच्याही वर चढले.

डीओसीएक्सही २००८ पासून आयएसओ मानकच आहे. भारताने त्याच्या विरोधात मत दिले होते. सहा हजारांहून अधिक पानांच्या त्या प्रस्तावात 'वर्ड ९५ प्रमाणे अंतर सोडा' अशा अर्थाच्याही खुणा होत्या. वर्डच्याच भावंडात, एक्सेलमध्ये, तर २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवस आहे, कारण लोटस १-२-३ या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमची चूक सुसंगतीसाठी मुद्दाम सांभाळली गेली. आमच्या पंचांगातल्या तिथीच्या वृद्धीला निदान गणिताचा आधार असतो.

अखेर छापखान्याच्या मालकाने दोन्ही फायली नाकारल्या. त्याच्याकडे पेजमेकर हे पानांची मांडणी करणारे जुने सॉफ्टवेअर आणि त्याहून जुना मराठी फॉन्ट. आजच्या प्रमाण युनिकोड संकेतातला मजकूर टाकताच चौकोनांची रांग उभी राहते. त्याने कागदावरची प्रत घेतली आणि सगळी पत्रिका नव्याने टंकली. महाजन जागच्या जागी राहिले. पुढच्या वर्षी उपयोगी पडावी म्हणून खजिनदारांनी पेजमेकरची ती फाईल पेनड्राइव्हवर मागून घेतली आहे.