वंशावळीत आज्जीचं नाव कुठंय?

सध्या आमच्या ओळखीत जिकडंतिकडं वंशावळीचंच चाललंय. कुणाला पोराच्या ॲडमिशनसाठी जातपडताळणी करायचीय, कुणाची वारस नोंद अडकलीय, कुणाच्या भावकीत वाटपाचं निघालंय, त्यामुळं लोक तहसीलला जाऊन कोतवाल बुकाची (गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची) नक्कल काढतायत, जुने फेरफार बघतायत, शाळेतनं जनरल रजिस्टरचा उतारा आणतायत, मोडी वाचणारा माणूस शोधतायत. चांगलंच आहे, या निमित्तानं का होईना पण लोकांना आजोबांच्या वर कोण होतं ते कळायला लागलंय.

पण त्या प्रतिज्ञापत्रावरची वंशावळ एकदा नीट बघा. खापरपणजोबा, त्यांची दोन पोरं, त्यातल्या एकाची तीन पोरं, मग आजोबा, मग वडील-चुलते, मग आपण. वरनं खालपर्यंत सगळे बाप्ये. सरकारला तेवढंच लागतं, जात वडिलांकडनं धरतात त्यामुळं त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. माझं म्हणणं आपल्याबद्दल आहे. आपण तोच कागद घरात आणून लॅमिनेट करतो आन् पोरांना सांगतो की हे बघा आपलं खानदान. आमच्या कागदावर आज्जी नाही. मिल बंद पडल्यावर जिनं सकाळपासनं रात्रीपर्यंत विड्या वळून घर चालवलं ती बाई आमच्या खानदानात नाही! तिन्ही आत्या नाहीत. आजोबांची आई नाही. म्हणून मी गेल्या काही वर्षांपासनं घरची वंशावळ वेगळी करायला घेतलीय, आन् ती सगळ्यांनी करावी असं मला अगदी मनापासनं वाटतं, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय.

बायकांचं शोधणं अवघड आहे हे आधीच सांगते. गाव नमुना चौदा, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो, त्यात बऱ्याचदा बापाचं नाव असतं आन् पुढं नुसतं मुलगा किंवा मुलगी, लेकराचं नाव नसतंच. लग्नात नाव बदलायचं, आडनाव बदलायचं, गाव बदलायचं, तिन्ही एकदम. सातबाऱ्यावर नवरा गेल्यानंतर वारस म्हणून नाव लागलं तरच बाई दिसते, तेही सासरच्या नावानं. म्हणजे एकाच बाईच्या दोन बाजू दोन गावांच्या दप्तरात, आन् त्या एकमेकीला जोडणारं काहीच नाही.

आमची पणजी "बार्शीकडची" एवढंच घरात माहीत होतं. बार्शीकडं म्हणजे कुठं, आडनाव काय, काही नाही. ते सापडलं कशात, तर परातीत. माळ्यावरची पितळी भांडी आईनं मोडीत द्यायला काढलती, हंडे, घागरी, ताटं, तांबे, एक मोठी परात. परातीच्या काठावर बारीक ठिपक्यांनी कोरलेलं होतं, आजोबांचं नाव, लग्नाचं साल आन् खाली मामाचं नाव आडनाव गावासकट. मामा म्हणजे कोण, पणजीचा भाऊ! म्हणजे पणजीचं माहेरचं आडनाव आन् गाव दोन्ही त्या परातीवर लिहून ठेवलेलं होतं आन् आम्ही त्याच परातीत कणीक मळत होतो. मी त्या गावी गेले. मामांचे नातू निघाले, शेतीच करतात, आन् त्यांच्या घरात "सोलापूरची आत्या" अजून माहितीये. तिचं माहेरचं नाव त्यांच्या आईनं सांगितलं. ते आमच्या घरात कुणीच, अगदी आजोबांनीसुद्धा, कधी घेतलं नव्हतं.

तर कृपा करून भांडी मोडीत देण्याआधी वाचा. लग्नातली, डोहाळजेवणातली, वास्तुशांतीतली, सगळी. आपल्याकडं भांड्यावर देणाऱ्याचं नाव घालायची पद्धत होती आन् देणारे बहुतेक मामा, आत्या, मावशी, म्हणजे जे सरकारी वंशावळीत कधीच येत नाहीत नेमके तेच. अक्षरं झिजलेली असतील तर चिंच लावून घासत बसू नका, अजून झिजतात. खोलीत अंधार करा, टॉर्च भांड्याच्या अगदी कडेनं आडवा धरा, ठिपक्यांची सावली पडते आन् नाव वाचता येतं. तरी नाही आलं तर थोडी टाल्कम पावडर बोटानं चोळा, मग फोटो काढा. आहेराच्या वह्या पण तशाच. कुणी किती रुपये दिले, कुठल्या गावचे, सगळं असतं त्यात, आन् लोक लग्न झालं की दोन वर्षांनी ती वही रद्दीत घालतात.

दुसरं म्हणजे सोलापूरच्या आजूबाजूला गाव कुठल्या हद्दीत होतं यावर कागद ठरतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. सोलापूर, बार्शी, मोहोळ हे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. अक्कलकोट संस्थान. आन् तुळजापूर, नळदुर्ग, परांडा ही निजामाची हद्द, तिथं सप्टेंबर 1948 पर्यंतचं बरंच दप्तर उर्दूत. आमची आज्जी नळदुर्गकडची, आजोबा सोलापूरचे, म्हणजे एकाच नवरा-बायकोचे कागद शोधायला दोन राज्यांच्या दोन पद्धती समजून घ्याव्या लागल्या. ज्यांची सोयरीक तिकडची आहे त्यांनी फक्त मोडीवाला शोधून भागणार नाही, जुनं उर्दू वाचणारा पण बघा. मोडीचं तसं बरं आहे, राज्याच्या पुराभिलेख खात्याचे मोडी शिकवायचे वर्ग होतात, चिकाटी असेल तर घरातल्या एकानं शिकून घेतलेलं कधीही चांगलं. कर्नाटकाकडच्या गावांतनं हेळवी यायचे, पिढ्यांची नावं म्हणून दाखवायचे, त्यांच्याकडं वह्या असतात. त्र्यंबकेश्वर-नाशिकला उपाध्यांकडं नामावळी असते, आपल्यातलं कोण कधी तिथं विधीला गेलतं ते त्यात सापडतं. जाणार असाल तर आडनाव आन् मूळ गाव दोन्ही पक्कं माहीत करून जा.

आता खरं महत्त्वाचं. कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. फेरफार पुढच्या वर्षी काढला तरी तोच निघणार, आपल्या म्हाताऱ्या माणसांचं तसं नाही. त्यामुळं आधी रेकॉर्डिंग, मग तहसील. मोबाईल सगळ्यांकडं आहे, वेगळं काही विकत घ्यायची गरज नाही. एरोप्लेन मोडवर टाका नाहीतर मधेच फोन येतो आन् रेकॉर्डिंग तुटतं, फॅन बंद करा (सोलापूरच्या उन्हाळ्यात हे अवघड आहे, म्हणून सकाळी लवकर बसा), मोबाईल घडी घातलेल्या चादरीवर ठेवा म्हणजे टेबलाचा खडखड आवाज येत नाही. सुरुवातीला तारीख, गाव आन् बोलणाऱ्याचं पूर्ण नाव आपणच बोलायचं. व्हिडिओपेक्षा मला नुसता आवाज बरा वाटतो, कॅमेरा बघितला की आज्जी पदर सारखा करायची आन् पाहुण्यांशी बोलल्यासारखं बोलायची.

"तुमच्या लहानपणाबद्दल सांगा" असं विचारलं की उत्तर येतं, काय सांगायचं, गरिबी होती. संपलं. त्यांच्या हातात वस्तू द्या. फोटो, लग्नपत्रिका, मिलचं हजेरी कार्ड, जात्याचा खुंटा. आज्जीच्या पुढं विड्यांचं सूप ठेवलं आन् ती आपोआप बोलायला लागली, पान कसं भिजवायचं, हजार विड्यांना किती मिळायचे, छाट काढली (खराब म्हणून विड्या बाजूला टाकल्या) की पोटात कसा गोळा यायचा, शेजारची तेलुगू बाई तिला वळायला कशी शिकवायची. त्या बाईचं नाव, तिच्या पोरींची नावं, त्या कुठं दिल्या ते सगळं आलं. जात्यावरच्या ओव्या म्हणायला लावल्या तर त्यात भावांची नावं, माहेरचा ओढा, देवळाचं नाव सगळं निघालं, जे सरळ विचारून तिला आठवत नव्हतं.

जन्मसालं विचारू नका, कुणालाच माहीत नसतात. आपल्या वडीलधाऱ्यांच्या निम्म्या पिढीचा वाढदिवस 1 जूनला येतो कारण मास्तरांनी शाळेत घालताना तीच तारीख टाकली. त्याऐवजी "तेव्हा काय चाललंवतं" असं विचारा. पणजोबा जुन्या मिलमध्ये लागले ते मानमोडीच्या (इन्फ्लुएंझाच्या) साथीनंतर लगेच, म्हणजे 1918 च्या पुढं. आजोबा सोलापूरात मार्शल लॉ लागला त्या साली झाले, म्हणजे 1930. आन् थोरल्या चुलत्यांचं तर आज्जीनं एकदम पक्कं सांगितलं, नळदुर्गकडं लष्कराच्या गाड्या निघाल्या तेव्हा तिला सातवा महिना होता. ती फौज निजामावरच्या पोलीस ॲक्शनसाठी सोलापूरहून 13 सप्टेंबर 1948 ला निघाली, म्हणजे चुलते त्या सालच्या थंडीत झाले. दाखल्यावर 1 जून 1947. पुढच्या पिढीसाठी बहात्तरचा दुष्काळ आहे, 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप आहे, त्या पहाटे कोण पाळण्यात होतं आन् कोण पोटात होतं हे प्रत्येक घराला आठवतं.

बोलताना चुका दुरुस्त करायच्या नाहीत. आमच्या घरात आज्जी बोलायला लागली की चुलते मधेच "नाही नाही, तसं नव्हतं" करायचे, मी त्यांना वेगळं बसवलं आन् त्यांचं वेगळं रेकॉर्ड केलं. दोन वेगळ्या गोष्टी असतील तर दोन्ही ठेवायच्या, कोणी सांगितलं ते पुढं लिहायचं. ज्या भाषेत बोलतायत त्याच भाषेत बोलू द्या. आपल्या सोलापूरात एकाच वाड्यात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू चालायचं, ते शुद्ध मराठीत सांगा म्हणलं की निम्मं जातं. आन् "हे बंद कर" म्हणाल्या तर लगेच बंद करा. बायकांच्या आयुष्यात अशा गोष्टी असतात ज्या त्यांना सांगायच्या असतात पण ठेवायच्या नसतात. तो त्यांचा हक्क आहे, आपल्या हौसेपेक्षा मोठा.

ठेवण्याचं थोडक्यात. फाईलला आधी साल-महिना-तारीख, मग नाव, मग गाव, म्हणजे आपोआप क्रमानं लागतात. फोटो व्हॉट्सॲपवर साधे पाठवले की बारीक होतात, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटोच्या मागं बॉलपेननं लिहू नका, पुढं उमटतं, मऊ पेन्सिलनं हलकं लिहा. जुने कागद लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, स्कॅन करून घ्या आन् मूळ कागद सपाट ठेवा. एक कॉपी आपल्याकडं, एक पेनड्राईव्हवर, एक दुसऱ्या गावातल्या बहिणीकडं. जिवंत माणसांच्या जन्मतारखा आन् आईचं माहेरचं आडनाव फेसबुकवर उघडं टाकू नका, बँकेत ओळख पटवायला तेच विचारतात.

माझ्या वहीत प्रत्येक माणसाला एक नंबर आहे आन् प्रत्येकाच्या पुढं आई आणि बाप दोन्हींचे नंबर. बाईचं आधी माहेरचं नाव, मग सासरचं. लेकींची लेकरं पण त्यात. चुलते म्हणले एवढं कशाला, भाच्यांचं त्यांच्या घरचे बघतील. मी म्हणलं 2005 पासनं कायद्यानं लेकीला बरोबरीचा वाटा आहे, तलाठ्याला पण तिचं नाव लिहावं लागतं, आपल्यालाच का जड जातंय. ते काही बोलले नाहीत, पण नंतर त्यांनी स्वतःहून धाकट्या आत्याच्या नातवंडांची नावं फोन करून सांगितली.

अजून बरंच राहिलंय. आज्जीच्या माहेरची दोन पानं उर्दूत आहेत, बहुतेक जमिनीची आहेत. सोलापूरात कुणी निजामाच्या काळातलं हातानं लिहिलेलं उर्दू वाचणारं असेल तर कळवा, मी स्कॅन पाठवते. आन् बार्शीकडच्या कुणाच्या घरात "सोलापूरला दिलेली आत्या" असेल तर तिचं पण नाव विचारून ठेवा, इकडं कुणीतरी शोधत असेल.