अण्णा आणि काळी खिडकी

आमचे अण्णा जेवताना बोलत नाहीत. बांगड्याची उडदमेथी कितीही फर्मास जमली तरी नाही. मीठ कमी पडलं की मात्र ताटावरून मान वर न करता ‘मीठ’ एवढंच म्हणतात. लग्नानंतर वर्षभर माझी बायको धास्तावलेली होती. मग तिला कळलं की सासरे गप्प जेवले म्हणजे आपण पास. अण्णांची सगळी नोकरी तारखात्यात गेली. शब्दाला पैसे पडतात हे त्यांच्या हाडात मुरलेलं. मी जन्मलो तेव्हा आजोळी त्यांनी केलेली तार म्हणे दोन शब्दांची होती, आणि त्यातलाही एक कमी करता आला असता असं ते अजून म्हणतात.

हाच स्वभाव मला वयाच्या 53व्या वर्षी स्वतःच्या लॅपटॉपात भेटला.

लॅपटॉप म्हातारा झाला होता. चालू होईतो चहा पिऊन व्हायचा. चवथीला भाचा आला. तो वेर्ण्याला कंपनीत आहे. नेवऱ्या खाताखाताच त्याने लॅपटॉपवर विंडोजसारखीच पण फुकट मिळणारी उबुंटू नावाची प्रणाली चढवली आणि निघताना म्हणाला, “मामा, टर्मिनल शिका. माउसची गरजच राहणार नाही.” मला माउसची अडचण कधीच नव्हती. पण भाचा फोंड्याच्या बसला लागला आणि मी टर्मिनलच्या, म्हणजे हुकूम टाइप करायच्या काळ्या खिडकीपुढे एकटा उरलो.

घरात आम्ही कोकणी बोलतो, लिहितो मराठी, आणि बँकेत इंग्रजीत सह्या करतो. चौथी भाषा शिकायला काय लागतं, असं वाटलं होतं.

पहिला दिवस पासवर्डात गेला. काहीतरी बसवायचं होतं म्हणून ‘सुडो’, म्हणजे मालकाच्या अधिकाराने काम करायचा हुकूम, टाकला, तर पासवर्ड मागितला. मी बटणं दाबतोय आणि पडद्यावर अक्षर नाही, ठिपका नाही, फुली नाही. आमच्याकडे पावसाळ्यात चपलांवरसुद्धा बुरशी येते, त्यामुळे कीबोर्ड सर्दला असणार अशी माझी खात्री पटली. हेअर ड्रायर आणला. अर्धा तास वाळवून झाल्यावर भाच्याला फोन केला. तो म्हणाला, “मामा, ते दिसत नसतंच. तुम्ही टाइप करा आणि एंटर मारा.”

दुसरा दिवस भांडणात गेला. देवळाच्या काल्याला आमचं मंडळ दरवर्षी मराठी नाटक करतं आणि त्याचे फोटो सांभाळणं चिटणीस म्हणून माझ्याकडे आहे. फोल्डरचं नाव ‘काला 2019’. आत शिरायला ‘सीडी’ लिहून पुढे हे नाव लिहिलं, तर उत्तर आलं: टू मेनी आर्ग्युमेंट्स. मी तर अजून तोंडही उघडलं नव्हतं! भाच्याने समजावलं की आर्ग्युमेंट म्हणजे वाद नव्हे, हुकमापुढे लिहिलेला ऐवज. मधल्या मोकळ्या जागेमुळे यंत्राला ‘काला’ एक आणि ‘2019’ दुसरा असे दोन ऐवज दिसले. नाव अवतरणचिन्हांत घातलं की निमूट आत सोडतं.

हे सगळं इतकं तुटक का, हे मी शोधून काढलं. 1969 साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही प्रणाली रचायला घेतली. उबुंटू तिच्याच वळणावर गेलेलं. तेव्हा त्यांच्यापुढे पडदे नव्हते, टेलिटाइप होते, म्हणजे तारखात्यातले टेलिप्रिंटरच. बटणं कडक, छपाई कागदावर, वेग सेकंदाला 10 अक्षरं. म्हणून लिस्टचं झालं एलएस, कॉपीचं सीपी, रिमूव्हचं आरएम. थॉम्पसननी तर एका हुकमात ‘क्रिएट’च्या स्पेलिंगमधला शेवटचा ‘ई’सुद्धा गाळला. अशा यंत्राने कामागणिक ‘झालं हो’ म्हणत कागद कशाला खर्चावा? शिवाय 1973 मध्ये पाइप आला. एका प्रोग्रामचं बोलणं सरळ दुसऱ्याच्या कानात जाऊ लागलं, मग उगाच बडबड करण्याची सोयच राहिली नाही. मी हे अण्णांना वाचून दाखवलं. टेलिप्रिंटरचं नाव ऐकून त्यांनी मान डोलावली. शब्द काढला नाही.

तिसऱ्या दिवशी कांड झालं.

कॅमेरा हललेल्या फोटोंना मी ‘हललेले-1’, ‘हललेले-2’ अशी नावं दिली होती. ते एका फटक्यात उडवायचे म्हणजे आरएम, पुढे ‘हललेले’, आणि त्याला चिकटून स्टार, म्हणजे ‘पुढे काहीही असो’. मी सुवाच्य लिहिणारा माणूस. दोन शब्दांत अंतर ठेवायची शाळेपासूनची सवय. ‘हललेले’ आणि स्टार यांच्यामध्ये मी छान मोकळी जागा सोडली आणि एंटर मारला.

यंत्राने एकच तक्रार केली: ‘हललेले’ नावाची फाइल इथे नाही. म्हटलं, नसेल. मग एलएस मारलं. काही आलं नाही. परत मारलं. शिवाजी, औरंगजेब, अंगात आलेला प्रॉम्प्टर, मध्यंतरात चहा पिणारी सोयराबाई, सगळे गेले. एकट्या स्टारचा अर्थ ‘जे जे आहे ते’, आणि आरएमला कचऱ्याचा डबा माहीत नाही. ‘नक्की ना?’ एवढंसुद्धा त्याने विचारलं नाही. अण्णांनी निदान डोळे तरी वर केले असते.

नशिबाने मंडळाच्या खजिनदाराकडे पेनड्राइव्ह निघाला. तो माणूस हिशोब आणि फोटो दोन्ही दोन ठिकाणी ठेवतो. आम्ही त्याला संशयी म्हणायचो. पेनड्राइव्ह लावला, सीपी लिहिलं, मोकळ्या जागा तीनदा मोजल्या, श्वास रोखला आणि एंटर मारला. कर्सर थोडा वेळ अडून राहिला. मग ‘पुढचा हुकूम?’ विचारणारं डॉलरचं चिन्ह परत आलं आणि त्याच्यापुढे लुकलुकत बसला. ना तक्रार, ना शाबासकी.

बाहेर सोप्यावरून अण्णांनी हाक मारली, “जालें रे?”

मी काहीच बोललो नाही.