‘गाडी असलेला गरीब’: एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

तुम्ही नाव लिहिलं नाही, पण वय 68 लिहिलंय, म्हणून काका म्हणतो. ‘ओम्नीतले सात महिने’ या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी रात्री तीनदा वाचली. राग आला, मग काही मुद्दे पटले, आणि एका मुद्द्याची भीती वाटली. म्हणून सविस्तर लिहितोय.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सप्टेंबर 2022 ते मार्च 2023 या काळात मी सोलापुरात शिकत असताना वडिलांच्या जुन्या ओम्नीत राहिलो आणि त्या काळात दिवसाला 60 रुपयांत कसं जेवलो ते मी लिहिलं होतं. त्यावर काकांनी लिहिलं: ‘ज्याच्याकडे चारचाकी आहे त्याने गरिबीच्या गोष्टी सांगू नयेत. आम्ही बहात्तरच्या दुष्काळात मिलोची (रेशनवरच्या परदेशी लाल ज्वारीची) भाकरी खाल्ली, वार लावून (आठवड्याच्या एकेका वारी एकेका ठरलेल्या घरी) जेवलो आणि शिकलो. गाडी विकली असतीस तर खोली आणि मेस दोन्ही झालं असतं. 60 रुपयांचा हिशोब खोटा आहे. भाकरी-चटणीचं कौतुक पुरे, यात प्रोटीन कुठे आहे? शिवभोजनच्या रांगेत उभं राहून तू खऱ्या गरिबाचा घास घेतलास. आणि छोटा गॅस गाडीत ठेवून रोज गरम वरणभात करता आला असता, तुझा आळस नडला.’

सुरुवात शेवटच्या वाक्यापासून करतो, कारण भीती त्याचीच वाटली. ते वाचून एखादा पोरगा खरंच गाडीत शेगडी मांडेल. कृपा करून कुणीही मांडू नका. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर निघून जात नाही, गाडीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. ओम्नीचं इंजिन तर पुढच्या सीटखालीच असतं. दुसरं म्हणजे थंडीत काचा बंद करून शेगडी किंवा कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. माणसाला झोप आल्यासारखं वाटतं आणि तो उठत नाही. मी सात महिन्यांत गाडीत काडीसुद्धा ओढली नाही, ती या धाकाने.

आणि काका, शिजवायला नुसता गॅस पुरत नाही, पाणी लागतं. आपल्या सोलापुरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांआड पाणी यायचं, हे तुम्हाला मी काय सांगणार. सोलापूरच्या बाळे भागात वडिलांच्या मित्राच्या गॅरेजच्या आवारात, कडुनिंबाखाली गाडी उभी असायची. तिथे एक बॅरल होतं, त्यातलं पाणी चौघांत वाटून घ्यायचं. डाळ-तांदूळ धुवायचे, कुकर घासायचा, म्हणजे अर्धी बादली गेली. उरलेला भात ठेवायचा कुठे? बंद गाडीत दुपारी हात लावता येत नाही इतका पत्रा तापतो. शिजलेला भात त्या उबेत दोन तासांत बिघडायला लागतो, आणि त्याची बाधा पुन्हा गरम करूनही जात नाही.

स्वस्त जेवणाबद्दल मला सांगायचं होतं ते हेच, आणि मूळ लेखात ते नीट उतरलं नाही. डाळ-तांदूळ महाग नाहीतच. चूल, पाणी, सावली, भांडी ठेवायला एक फळी आणि महिन्याचे पैसे एकदम हातात असणं, हे ज्याच्याकडे आहे त्यालाच ते स्वस्तात शिजवून खाता येतं.

गाडी विकण्याचं म्हणाल तर ती माझी नव्हतीच. आर.सी. वडिलांच्या नावावर होती. ते त्याच गाडीतून चादरी आणि टॉवेल घेऊन आठवडी बाजार करायचे. जून 2022 मध्ये ते गेले. मालक वारला की वारसाच्या नावावर गाडी करायला फॉर्म 31 भरावा लागतो, आणि गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांची एनओसी घेऊन फॉर्म 35 भरून बोजा उतरवावा लागतो. आमचे दोन हप्ते थकले होते. ते फेडले, तरी एनओसी हातात पडायला फेब्रुवारी उजाडला. एप्रिलमध्ये गाडी विकली. वर्गातल्या मुलांनाही वाटायचं की गाडी आहे म्हणजे बरं चाललंय. ती फारशी चालवलीच नाही. बॅटरी उतरू नये म्हणून पंधरा दिवसांतून एकदा चालू करायचो, बाकी सायकल होती.

आता हिशोब. इथे तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. परवा वही काढून पुन्हा बेरीज केली. नोव्हेंबर 2022 मध्ये खाण्यावर 1,810 रुपये गेले, म्हणजे दिवसाला 60. पण त्यात चहा धरलाच नव्हता. चहाचे 330 मिळवले की 2,140 होतात, म्हणजे दिवसाला 71. ज्या चहाच्या टपरीवर बसून अभ्यास केला, तो चहा म्हणजे जागेचं भाडंच होतं. तो धरायलाच हवा होता. लेखात आकडा दुरुस्त केला आहे.

पण हाच हिशोब पुढे नेऊ या. आमच्या भागात मेस दोन वेळची 2,800 होती. म्हणजे मी महिन्याला 660 रुपयेच वाचवत होतो. मग मेस का लावली नाही? कारण मेसचे पैसे एक तारखेला आगाऊ द्यायचे होते. मी झेरॉक्सच्या दुकानात संध्याकाळी काम करायचो आणि दर शनिवारी 600 रुपये हातात पडायचे. शनिवारच्या शनिवारी कमावणाऱ्याकडे एक तारखेला 2,800 कधीच नसतात. खोलीचंही तेच. कॉट 1,800 ची, पण 5,000 डिपॉझिट. आई मोहोळला मामाकडे गेली होती, तिच्याकडे मागायची माझी छाती झाली नाही.

कडक भाकरीवर मी चारच ओळी लिहिल्या होत्या. तुम्ही ‘भाकरी-चटणीचं कौतुक पुरे’ म्हणालात, पण मला वाटतं कौतुक कमीच झालं. ज्वारीची भाकरी पातळ थापून, तव्यावर भाजून, मग आचेवर तिच्यातला ओलावा पार जाईपर्यंत वाळवतात. ओलावाच नाही तर बुरशी कशाला धरेल? म्हणून ती कोरड्या डब्यात महिनाभर टिकते. फ्रिज नको, गॅस नको. बाळ्यातल्या एका बचत गटाकडून मी दहा भाकऱ्यांचं पुडकं 65 रुपयांना आणायचो. शेंगाचटणी पाव किलो 60 ला.

रात्री साडेआठला दुकानातून येऊन ओम्नीचं मागचं दार उघडं टाकायचं आणि काठावर बसायचं. वडिलांचा बाजाराचा पत्र्याचा डबा होता, सुट्टे पैसे ठेवायचा. तो धुऊन त्यात भाकऱ्या ठेवल्या होत्या. एक भाकरी घेऊन स्टीलच्या डब्यात मोडली की पापडासारखी वाजायची. कोपऱ्यावरच्या मेसवाल्या मावशी 15 रुपयांत तांब्याभर आमटी द्यायच्या. ती ओतून झाकण लावायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. मी तेवढ्यात हात-पाय धुऊन यायचो. झाकण काढलं की वरचे तुकडे अजून कुरकुरीत आणि खालचे ताज्या भाकरीसारखे मऊ. कडेला शेंगाचटणी. ती कांडलेली असली तर बोटांत दाबल्यावर तेल सुटतं, मिक्सरवर काढलेली कोरडी राहते. गरम जेवण गाडीत जेवायचा हा एकच सुरक्षित मार्ग मला सापडला: आच दुसऱ्याच्या चुलीची, भाकरी आपली.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये भाकरी सादळते. तेव्हा आठवड्यापुरतीच आणायची. आणि चटणी उन्हात ठेवली की खवट होते. शेंगदाणा कडू किंवा बुरशीचा लागला तर घास थुंकून टाका. त्या बुरशीचं विष यकृताला बाधतं आणि भाजूनही पूर्ण जात नाही.

‘यात प्रोटीन कुठे आहे’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझं वजन 58 किलो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबाने किलोमागे 0.83 ग्रॅम, म्हणजे दिवसाला 48 ग्रॅम प्रथिनं हवीत. चार कडक भाकऱ्यांत साधारण 16, पन्नास ग्रॅम चटणीत 11-12, बुर्जीच्या गाड्यावरच्या दोन उकडलेल्या अंड्यांत 12, आणि वाटीभर दही नि मूठभर फुटाणे मिळून दहा-बारा. झाले पन्नास. पण अंडी आणि दही रोज परवडायचं नाही. ज्या दिवशी ती नसायची त्या दिवशी कमीच पडायचं, हे लपवत नाही. ज्वारी आणि शेंगदाणा दोन्हींच्या प्रथिनांत जो घटक कमी असतो तो डाळीतून मिळतो, म्हणून मावशींच्या त्या आमटीची किंमत 15 रुपयांपेक्षा जास्त होती.

मी खरा मार खाल्ला तो भाजी-फळांत. डिसेंबरात तोंड आलं, हिरड्यांतून रक्त यायला लागलं. कॉलेजच्या डॉक्टर मॅडमनी विचारलं, ‘हिरवं काय खातोस?’ मला काही सांगता येईना. माझी आजी भाकरीबरोबर कच्ची मेथी, कांद्याची पात, मुळा खायची. गॅस लागत नाही, फक्त धुवायला तांब्याभर पाणी. हे डोळ्यांसमोर असून मला सुचलं नव्हतं. मग कस्तुरबा मार्केटात संध्याकाळी उशिरा जायला लागलो. बाजार उठायच्या वेळेला पाच रुपयांत जुडी मिळायची. थंडीत पेरू. डाग पडलेलं डाळिंब हातगाडीवाले निम्म्याने देतात, आतले दाणे चांगले असतात. महिनाभरात तोंड बरं झालं.

मटकीचा प्रयोगही सांगतो, म्हणजे कुणी तो करू नये. फडक्यात बांधून खिडकीला लावलेली मटकी जानेवारीत दीड दिवसात छान मोड काढायची. मार्चमध्ये तीच मटकी दुपारपर्यंत आंबूस झाली. लिंबू पिळून खाल्ली, आणि दोन दिवस गॅरेजच्या संडासाबाहेर पडलो नाही. मोड वाफवून खायचे, आणि ऊन तापायला लागलं की नाहीच.

काही वाचकांनी ‘अक्कलकोटच्या अन्नछत्रात रोज फुकट महाप्रसाद असतो, तिथे का नाही गेलास’ असं लिहिलंय. आईबरोबर एसटीने गेलो होतो, पोटभर जेवलो. पण जाऊन-येऊन 80 किलोमीटर होतात. ओम्नीला पाच-सहा लिटर पेट्रोल, आणि पेट्रोल तेव्हा शंभराच्या वर होतं. रोजच्या जेवणासाठी तो मार्ग नाही.

शिवभोजनाबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते टोचलं. राज्य सरकारची ही थाळी 26 जानेवारी 2020 ला सुरू झाली. 10 रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. लॉकडाऊनमध्ये ती पाच रुपयांना आणि पुढे काही काळ मोफत होती. रांगेत कुणी दाखला मागत नाही, आणि मागू नये असंच मला वाटतं. हमाल, पेशंटचे नातेवाईक, रिक्षावाले, विद्यार्थी, ज्याला त्या दुपारी भूक आहे आणि खिशात पैसे नाहीत त्याच्यासाठी ती आहे. मी त्या माणसांपैकी होतो. तरी केंद्राला रोजच्या थाळ्या ठरवून दिलेल्या असतात, त्यामुळे एकाने घेतली की एक कमी होते, हे तुमचं खरं. एकदा माझ्या मागच्या बाईंना ‘संपलं’ म्हणून सांगितलं. मी माझी थाळी पुढे केली. त्यांनी पेशंटच्या डब्यात भात नि वरण काढून घेतलं आणि पोळ्या माझ्याकडेच ठेवल्या. त्यानंतर मी केंद्र बंद व्हायच्या पाच मिनिटं आधी जायला लागलो. उरली तर घ्यायची. सात महिन्यांत एकूण एकतीस वेळा जेवलो. त्याची मला लाज वाटत नाही.

आता तुमचे वार. काका, तुम्ही ज्याच्या बळावर शिकलात ते माझ्याकडे नव्हतं, असं मी आधी लिहिणार होतो. पण ते खरं नाही. मलाही एक वार होता. वर्गमित्राच्या घरी, अक्कलकोट रोडला. दोघं पती-पत्नी चादरीच्या कारखान्यात कामाला, घरात तेलुगू बोलतात. मित्राने काही सांगितलं नव्हतं. त्याच्या आईने एकदा माझा डबा उघडून बघितला आणि म्हणाल्या, ‘गुरुवारी यायचं.’ नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत एकही गुरुवार चुकला नाही. भात, चिंचेचं सार, आणि निघताना लोणच्याची छोटी बरणी. मूळ लेखात हे आलं नाही, कारण त्यांना विचारल्याशिवाय लिहायचं नव्हतं. काल विचारलं. नाव नको, बाकी लिही म्हणाल्या.

आणि एक विचारायचं आहे. माझी आजी सांगायची की मिलोच्या पिठाला चिकटपणा नव्हता, भाकरी थापताना तुटायची. तुमच्या घरी ती कशी करायचे? पीठ उकडून घ्यायचे, की दुसरं काही मिसळायचे? त्याच्याबरोबर खायला काय असायचं? आणि तुमचे सात वार सात घरी होते, की मधला एखादा उपाशी जायचा? सवडीने लिहा. इथे खाली लिहिलंत तरी चालेल.