एकच बोअर

पहिलीपासूनच्या हिंदीचा शासन निर्णय 2025च्या जूनमध्ये मागे घेतला गेला, पण आमच्या घरच्या ग्रुपवर तो वाद अजून धुमसतोच आहे. परवा साताऱ्याहून दादानं लिहिलं, "एका घरानं इंग्रजी धरली म्हणून मराठी मरत नाही. उगाच गळे काढू नका." गळे काढणारा म्हणजे मी. तेही ऑकलंडमध्ये बसून.

सुट्टीत रोटोरुआला निघालो होतो. तिराऊला चहाला थांबलो तेव्हाही मनात दादाला उत्तर देणं चालूच होतं.

रोटोरुआतल्या फाकारेवारेवा या माओरी गावात उकळत्या कुंडात कणसं शिजत होती आणि चार पावलांवर माणसांची घरं. 1886 साली तारावेरा ज्वालामुखी फुटला, गावं राखेखाली गेली, तेव्हा तिथून उठून आलेल्या तुहोउरांगी माओरींची पतवंडं इथे राहतात. गाव दाखवणाऱ्या बाईंनी पोहुतूची, म्हणजे इथल्या जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या गिझरची गोष्ट सांगितली. (गिझर म्हटलं की मला अजून न्हाणीघरच आठवतं.) शहरात ज्यानं त्यानं बोअर मारून गरम पाणी ओढलं. कुणालाच वाटलं नाही की आपल्या एका नळीनं काही होईल. हळूहळू इथले फवारे मंदावले. शेवटी ऐंशीच्या दशकात सरकारनं पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या. लोक भडकले, पण जमिनीतलं पाणी पुन्हा वर आलं.

मला हवं ते सापडलं! कुइराऊ पार्कात गरम पाण्यात पाय सोडून मी टाइप करत सुटलो. दादा, यांच्या आज्यांनी 1982 साली कोहांगा रेओ, म्हणजे माओरी बालवाड्या काढल्या, तान्ह्या पोरांशी माओरीतच बोलायचं ठरवलं. पाच वर्षांत भाषा देशाची अधिकृत झाली. आणि आपण? पाट्यांच्या अक्षरांचा आकार मोजतोय. गंधकाच्या वासात लिहिलं म्हणून असेल, पण मजकूर जरा झोंबणारा झाला.

शेजारी लेक शाळेसाठी पेपेहा पाठ करत होती, म्हणजे आपला डोंगर (मौंगा), आपली नदी (आवा) सांगून करून द्यायची माओरी ओळख. तिनं विचारलं, "बाबा, व्हॉट्स अवर मौंगा?" अजिंक्यतारा, मी म्हटलं. चौथीच्या सहलीनंतर मी तो चढलेलो नाही. नदी? वेण्णा. "को वेण्णा ते आवा," ती म्हणाली. 'ण' नीट आला नाही, 'ते आवा' मात्र गाईडबाईंसारखं खणखणीत. घरी आम्ही दोघं तिच्याशी इंग्रजीच बोलतो. डेकेअरवाल्यांनी सुचवलं होतं, तेवढ्यापुरतं. ती आता नऊ वर्षांची आहे.

तिचा आवाज रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकला. दादाचं लगेच आलं, "झकास! आता हेच मराठीत म्हणायला सांग तिला."

बोअरचा तो मजकूर अजून पाठवलेला नाही.