वाडा पाडण्याआधी खुंट्या ठोका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे जुन्या घराचा वाद निघाला की एक वाक्य हमखास येतं: "तुळया वाळवीनं खाल्ल्यात, पाडण्यावाचून इलाज नाही." दुसरी बाजू वारसा सांगते. वाळवी नेमकी कुठे आहे, जिवंत आहे की नाही, याची नोंद मात्र कुणाकडेच नसते. याची मला खरोखर चिंता वाटते.

मी राहतो त्या पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचं आंग्रा दो एरोईस्मो हे शहर १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या छपरांत बाहेरून आलेली क्रिप्टोटर्मिस ब्रेव्हिस ही कोरड्या लाकडातच राहणारी वाळवी शिरली. उन्हाळ्यात तिचे पंखवाले किडे उडतात, तेव्हा माळ्यावर दिव्याजवळ पिवळे चिकट कागद टांगून ते मोजतात. दरवर्षी जागा तीच ठेवली तरच आकड्यांची तुलना होते. धूळ बसली की चिकटपणा जातो आणि आकडा खोटा कमी येतो. तुळईखाली खसखशीसारखी विष्ठा दिसली तरी घाई नको, रिकाम्या पोखरणीतूनही ती गळते. झाडून पांढरा कागद ठेवायचा आणि नवी पडते का ते पाहायचं.

ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे नेऊ नये. आपल्या घरांना त्रास मुख्यतः जमिनीतल्या वाळवीचा. जांभा मातीत रचलेल्या भिंतीच्या पोटातून ती वर चढते, बाहेर काही दिसत नाही. म्हणून भिंतीपासून अर्धा मीटरवर, दर तीन मीटरला, आंब्याची फूटभर खुंटी दोन तृतीयांश गाडावी, नंबर घालावा, महिन्याला एकदा उपसून वाळवी लागली का ते पाहावं. रोज हलवली तर वाळवी सोडून जाते. पावसाळ्यात खुंटी नुसती कुजते. मातीचा लेप असेल तरच वाळवी धरावी. भिंतीवरची मातीची नळी मध्ये बोटभर फोडून आठवड्यानं बघावी. बुजवली असेल तर वस्ती चालू आहे. नसेल तर दुसरी वाट शोधावी, निर्धास्त होऊ नये.

खुंट्यांभोवती औषध मारू नका. वाळवी तेवढी जागा टाळते, खुंटी कोरी राहते आणि घरमालक समाधानी होतो. सीमाभागात खुंट्यांच्या नोंदीचा कागद मराठी-कन्नड दोन्हींत हवाच, कारण सामायिक भिंतीच्या पलीकडच्या शेजाऱ्यानंही खुंट्या ठोकल्याशिवाय गल्लीतल्या वाळवीचा नकाशा पुरा होत नाही.