हाशेकची शिकागोतली वर्षं राहून गेली

चेक आइस हॉकी गोलरक्षक डॉमिनिक हाशेकवरचा तुमचा लेख छान, पण वाचताना वाटतं की त्याची कारकीर्द थेट १९९८ च्या (जपानमधल्या) नागानो हिवाळी ऑलिंपिकपासूनच सुरू झाली. १९८३ मध्ये एनएचएल या उत्तर अमेरिकी लीगच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत शिकागो संघाने त्याला घेतलं ते १९९ व्या क्रमांकावर! तो अमेरिकेत गेला १९९० मध्ये, आणि तिथे गोलजाळीपुढे एड बेलफोर असल्यामुळे बराच काळ त्याला संधीच मिळाली नाही. १९९२ मध्ये शिकागोने त्याला बफेलो संघाला देऊन टाकलं. तेव्हा तो २७ वर्षांचा होता.

त्याची शैली म्हणजे 'नशिबाची धडपड' हे तुमचं म्हणणं मात्र अजिबात पटलं नाही. तो बर्फावर लोळायचा, पाठीवर पडायचा, प्रसंगी काठी सोडून मोकळ्या हाताने पक (खेळातली रबरी चकती) दाबून धरायचा, हे खरं. पण त्यामागे हिशोब होता: बर्फालगतची जागा आधी अंगाने बंद करायची, वरचं हातापायांनी सांभाळायचं. नशिबावर कुणाला सहा वेळा व्हेझिना ट्रॉफी, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाचा पुरस्कार, मिळते का? १९९७ आणि १९९८ असा लागोपाठ हार्ट ट्रॉफीचा, म्हणजे लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा, मान त्याने मिळवला. दोनदा तो मिळवणारा दुसरा गोलरक्षक आजवर झालेला नाही.

नागानोतली कॅनडाविरुद्धची उपांत्य लढत तर शब्दांपलीकडची! १-१ बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये (एकेका खेळाडूने एकट्या गोलरक्षकावर चाल करायची) कॅनडाचे फ्लेरी, बुर्क, न्यूएनडाइक, लिंड्रोस, शॅनहन, पाचही जण त्याने रोखले, आणि कॅनडाचा महान खेळाडू ग्रेट्झ्की बाकावरून बघत राहिला. अंतिम सामन्यात रशियालाही शून्यावर ठेवलं.

पुढच्या भागात त्याच्या डेट्रॉइट संघातल्या दिवसांबद्दल जरूर लिहा. त्या संघाबरोबर २००२ चा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला तेव्हा तो ३७ वर्षांचा होता.